दिव्याला पदर

"ह्यात माय कुठं हाय?" सिंधूनं फोटो व्यंकटच्या नाकासमोर धरला.

व्यंकट निलंग्याचा फोटोग्राफर. मागच्या आठवड्यात त्यानंच हा फोटो इथं माळावर काढला होता. फोटोत टोपलं स्पष्ट होतं, हातातल्या बांगड्या स्पष्ट होत्या, मागची उघडीबोडकी बाभळसुद्धा स्पष्ट होती. फक्त आईच्या, कस्तुराबाईच्या पदराखाली, जिथं तोंड असायला हवं तिथं, सगळा काळोख होता.

पुढच्या आठवड्यात सिंधूला हळद लागणार होती. सासर भोकरचं, म्हणजे नांदेडच्याही पलीकडं. तिथं जाताना तिला बाकी काही नको होतं, आईचा चेहरा तेवढा हवा होता. आणि चेहऱ्याच्या जागी ह्या पठ्ठ्यानं तव्याचं बूड काढून दिलं होतं.

"ऊन डोक्यावर असलं की असंच होतं," व्यंकट ओशाळून म्हणाला. "मावशीनं पदर जरा मागं घेतला तर..."

बोलायला त्याचं काय जात होतं! दुष्काळी काम चालू होतं. नाल्याच्या बांधावर सगळं गाव एका रांगेत टोपली देत होतं आणि त्याच रांगेत कस्तुराबाईचा सासरा दगडोबाही होता. घरी असताना बरं होतं. दगडोबा उंबऱ्याशी येऊन खाकरायचा, क्षणभर थांबायचा, तेवढ्यात सून पदर पुढं ओढायची, मग तो आत यायचा. ती लग्न होऊन आली तेव्हापासून हे असंच. सुनेच्या तोंडाकडं त्यानं कधी नजर वर करून पाहिलं नव्हतं. इथं माळावर ना उंबरा ना दार, तरी बिचारा दर टोपल्याला खाकरत होता. लातूर जिल्हा झाल्यापासून कामावर नवेनवे साहेब यायचे. ते म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध घ्यायला सांगून जायचे.

"माय, ढिगामागं चल," सिंधू म्हणाली. "तिकडं आबा न्हाईत."

"तिकडं न्हाईत गं. पण फोटो हातोहात फिरंल की. मामंजीच्या बी हातात जाईल."

सिंधूचे डोळे भरून आले. रागही आला, पण नेमका कुणाचा ते तिला कळेना.

जेवणाची सुट्टी झाली. दगडोबा पाठ फिरवून बाभळीखाली बसला आणि शेजारच्याला सांगू लागला, "पोरगी आमच्या मायवर गेलीया. त्येच नाक, त्येच डोळे." सिंधू पाळण्यात होती तेव्हापासून तो हे सांगत आला होता आणि घरात कुणी त्याला कधी खोडून काढलं नव्हतं.

इकडं व्यंकटनं पिशवीतून लग्नात चमकतो तो फ्लॅशचा दिवा काढला आणि कॅमेऱ्यावर बसवला. लोक भाकरी हातात घेऊनच गोळा झाले. भर दुपारी दिवा म्हटल्यावर भाकरी कुणाला गोड लागणार?

कस्तुराबाईलाही राहवेना. "काय करायलास, बाबा? इतकं ऊन हाय, ते बी कमी पडतंय का?"

"ऊन लई हाय, मावशी. पण ते वरून पडतंय. पदराच्या आत जात न्हाई. ह्यो उजेड समोरून आत जातो."

"म्हंजी पदर मागं घ्याया नको?"

"हाय तितंच राहू द्या."

तिला ते पटलं नव्हतं, पण बघायचं मात्र होतं. ती मान वाकडी करून दिव्यात डोकावू लागली. व्यंकटनं खिशातला पांढरा रुमाल काढला, दुहेरी घडी केली आणि दिव्यावर बांधला. उजेड तोंडावर बोचू नये म्हणून.

"अगं बया," कस्तुराबाई म्हणाली, "दिव्याला बी पदर लागतो का?"

आणि आपल्याच बोलण्याला ती हसली. तेवढ्यात खट्ट झालं. उन्हात तो उजेड कुणाला धड दिसलासुद्धा नाही. लोक हिरमुसून परत भाकरीकडं वळले. सिंधूचा जीव मात्र फोटो येईपर्यंत थाऱ्यावर नव्हता.

हळदीच्या दिवशी व्यंकट पाकीट घेऊन घरी आला. सिंधूनं फोटो बाहेर काढला आणि तिला रडूच फुटलं. पदर होता तिथंच होता, पार भुवयांपर्यंत. आणि त्याच्याखाली माय हसत होती, हनुवटीवरच्या गोंदणासकट.

फोटो बायकांच्या हातून फिरला. शेवटी सिंधूनं तो ओट्यावर बसलेल्या आबाच्या हातात दिला, पालथाच. म्हातारा तो तसाच मांडीवर धरून बसला. मग खाकरला. क्षणभर थांबला. आत चुलीपाशी कस्तुराबाईनं सवयीनं पदर पुढं ओढला.

तेव्हा कुठं त्यानं फोटो सुलटा केला. लांब धरून बराच वेळ पाहिला. मग समोर उभ्या असलेल्या नातीकडं पाहिलं, पुन्हा फोटोकडं.

"सिंधे," तो हळूच म्हणाला, "तू तर तुझ्या मायवर गेलीस की गं."