खरवड

“दादाचे ओट्स मी खाल्ले तर काय हुईल?”

शिवकन्यानं विचारलंच. काल शाळेत मधल्या सुट्टीत तिच्या खो-खोच्या टीममधल्या ज्ञानेश्वरी आणि अक्षरा म्हणाल्या होत्या, “ग्राउंडवर लई उड्या मारतीस. घरात सगळ्यांसमोर विचारून दाखव, मग म्हणू खरी कॅप्टन.” आता सगळे समोर होते. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. पप्पा मोबाइल बघत होते. रणधीरदादा रनिंग करून आला होता आणि उघड्या अंगानं पाटावर बसला होता, वाटी पुढं यायची वाट बघत.

पप्पांनी मान वर केली नाही. “पोलीस भरती त्याची हाय का तुझी?”

“माझी पण परवा खो-खोची निवड हाय, जिल्ह्याच्या टीमची. मागच्या मॅचला चक्कर आली मला. मॅडम म्हणल्या, सकाळी पोटाला काहीतरी दमदार पाहिजे.”

“आता ओट्स मागायलीस, उद्या अंडी मागशील,” दादा म्हणाला.

“ह्याची भरती झाली की चौकात बॅनर लागणार,” पप्पा मोबाइललाच सांगत होते. “रणधीर आण्णासाहेब. मधलं नाव मोठ्या अक्षरात टाक म्हणून फ्लेक्सवाल्याला सांगून ठेवलंय.”

गंमत म्हणजे ओट्स निवडून आणले होते शिवकन्यानंच. दादानं उमरग्याहून मसाला ओट्सचं पाकीट आणलं होतं, वरचा दंड फुगवलेला हिरो बघून. तिनं मागची बारीक अक्षरं वाचली. नुसतं मीठ आणि मसाला. ते तिनं दुकानात परत दिलं आणि साधे, जाड पोह्यांसारखे घेतले. तेव्हापासून रोज शिजवायचीही तीच. आधी कोरडे भाजायचे, खमंग वास सुटेपर्यंत. मग पाणी, मग दूध. गूळ खाली उतरवल्यावर, नाहीतर दूध फाटतं. “ह्या कण्याच की गं, नुसतं नाव इंग्रजी,” आई म्हणायची. दादाला वाटीभर, वर बदाम. शिवकन्याला पातेल्याच्या तळाची खरवड. आईनंही माहेरी भावांच्या कण्यांची खरवडच खाल्ली होती.

शिवकन्यानं रटरटतं पातेलं उतरवून दादासमोर ठेवलं. पहिला डाव स्वतःच्या वाटीत घातला. दाट, मऊ, वाफाळता. वर बदामही टाकले.

“आज खरवड तुला ठेवते, दादा.”

दादाची पहिली चपराक कानावर बसली. वाटी भिंतीवर आपटली. डोक्यात सुंऽऽऽ झालं. दुसरा हात आला तेव्हा मात्र ती तिथं नव्हती. घराच्या मधोमध खांब होता. ती खांबाला धरून गर्रकन फिरली. दादा सरळ गेला, वळून आला, ती पलीकडं. त्यानं वेणीवर झडप घातली, ती खाली वाकली आणि त्याच्या हाताखालून निसटली. परत खांब. भरतीच्या मैदानाला रोज फेऱ्या मारणारा गडी धापा टाकायला लागला.

शिवकन्याला हसू आलं. खरं हसू, ग्राउंडवरचं.

दादानं खांब सोडला. वळला आणि पातेल्याला लाथ घातली.

आईचा हात काठवटीत होता, पिठात. सगळं त्या हातावर गेलं, कोपरापर्यंत. आई ओरडलीसुद्धा नाही. तोंड उघडं राहिलं फक्त. ओट्स चिकटून बसले होते. तिनं दुसऱ्या हातानं पुसायला घेतलं आणि ओट्सबरोबर कातडंही सरकलं.

“हिच्यामुळं झालं!” दादा म्हणाला. शर्ट उचलला आणि गाडीला किक मारून गेला.

शिवकन्यानं आईला मोरीत ओढत नेलं. तांब्या तांब्या गार पाणी ओतत राहिली. हात डोळ्यांदेखत सुजत होता. बांगड्या मांसात रुतायला लागल्या, तेव्हा तिनं वरवंटा घेतला.

“फोडू न्हाय, शिवे,” आई कळवळली. “तुझे पप्पा समोर हायेत.”

“बघू देत.”

कच्चकन काच फुटली. हिरवे तुकडे पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेले.

पप्पा उठून उंबऱ्यात आले होते. “दवाखान्यात गेलात तर नीट सांगा. भाकरी करताना पातेलं कलंडलं म्हणावं. केस झाली तर पोराची भरती गेली. घरातलं घरात ऱ्हाऊ दे.”

भाजलेला हात आईनं लेकीपुढं धरूनच ठेवला, पाण्यासाठी.

शिवकन्यानं ओला फडका आईच्या हातावर अलगद टाकला. पातेलं कोपऱ्यात पालथं पडलं होतं. तळाला खरवड तशीच चिकटलेली. तिनं ते उचललं, सरळ केलं आणि दादाच्या पाटावर नेऊन ठेवलं.

मग आई-पप्पांकडं तोंड करून उभी राहिली. कान अजून वाजत होता, म्हणून आवाज मोठाच निघाला.

“आईला मी उमरग्याला नेते. डॉक्टरनं विचारलं, कसं भाजलं, की खरं सांगणार. पोलिसांनी विचारलं तरी तेच.”

“भावाचं नाव घेणार तू?”

“पूर्ण नाव सांगणार, पप्पा. मधलं पण.”