आरपार

चाचणीच्या मैदानावरचा धूर निवळला आणि गोळेवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. त्याचा तोफगोळा जहाजाच्या पोलादी कवचावर आपटून चपटा झाला होता. कवचाला नुसता पोचा.

"मनाला लावून घेऊ नका, दाजी," मेहुणा म्हणाला. कवच त्याच्या हातचं होतं. चेहरा नुसता फुलला होता.

पलीकडच्या देशाने मोठं जहाज बांधलं की इकडे त्याहून मोठं, हे गेली कित्येक वर्षं चाललं होतं. कारखान्यातही तीच तऱ्हा. याने गोळा कडक केला की मेहुणा कवच जाड करणार, आणि मालक पुन्हा याच्याच डोक्यावर बसणार. घरी तरी सुटका? मेहुणा राहायला यांच्याच माडीवर.

"फुटत नाही तेच बरं," ताटं मांडताना बायको म्हणाली. "आपला लेक त्याच कवचामागे उभा असतो, आरमारात."

"अगं, पलीकडच्यांचं कवचही तेवढंच जाड असणार ना? माझा गोळा बोथट निघाला तर लेक लढेल कशाने, डोंबलाने?"

मेहुणा मान खाली घालून जेवत राहिला. हसत असावा.

त्या दिवसापासून गोळेवाला इरेला पेटला. टोकाचं पोलाद बदललं, त्याला पाणी द्यायची रीत बदलली. हाताखालच्या माणसांवर खेकसला, घरी अबोला धरला. हिवाळा असाच गेला. शेवटी एका सकाळी गोळा कवचातून आरपार गेला आणि मागच्या मातीच्या ढिगात जाऊन रुतला.

"आता कर आणखी जाड!" गोळेवाला ओरडला.

मेहुणा त्या भोकाकडे बघत उभा होता. "याहून जाड केलं तर वजनानेच जहाज बुडेल, दाजी. माझं संपलं."

मालक धावतच आला. गोळेवाल्याला त्याने कडकडून मिठी मारली आणि तसंच ओढत ऑफिसात नेलं. तिथे ताठ पाठीचा एक पाहुणा बसला होता. त्याने उठून गोळेवाल्याचा हात हातात घेतला, बराच वेळ सोडलाच नाही. काहीतरी बोललाही, परक्या भाषेत. गोळेवाल्याला एक शब्द कळला नाही.

शेजारचा दुभाष्या पुढे झाला.

"साहेब म्हणतात, तुमचे उपकार त्यांचा देश विसरणार नाही. तुमच्या आरमाराचं कवच फोडायचं कसं, या काळजीने त्यांची झोप उडाली होती."