पहिलं पान

"ब्रदर ओडोंना दिसत नाही. तर्कशास्त्राची पोथी त्यांना कशाला दिलीत?" थिबो ग्रंथपालांवर वैतागला. उन्हाळा सरला की त्याला पॅरिसच्या विद्यापीठात वादाला उभं राहायचं होतं.

"मठाचा नियम आहे. वर्षाला माणशी एक पोथी, अदलाबदल नाही. वाचून संपली नाही, तर पुढच्या वर्षी तीच."

थिबो म्हाताऱ्या ओडोंकडे गेला. "मी वाचून दाखवतो."

"देव तुझं भलं करो, पोरा."

पान उलटायच्या आत ओडो त्यावरच डोकं टेकवून घोरू लागले. वडीलधाऱ्या माणसाचं डोकं उचलायचं कसं? प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा ते जागे झाले.

"फार सुंदर," ते म्हणाले. "मधलं जरा निसटलं. उद्या पहिल्यापासून घेऊ."

पॅरिसला निघाला तेव्हा थिबोला पहिलं पान तोंडपाठ होतं.