मिस्त्रींची वाटणी

"किती टाकू, मिस्त्री?" क्लबच्या सचिवांनी विचारलं. त्यांचं बोट कीबोर्डवर टेकलेलं होतं.

मिस्त्रींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला.

क्लबमध्ये कॉम्प्युटर एकच होता. बुद्धिबळ खेळणारे दोन प्रोग्राम त्याच्यावरच एकमेकांशी लढायचे, म्हणून त्याची मेमरी दोघांत वाटावी लागायची. पटावरची जी स्थिती एकदा तपासली, ती प्रोग्राम तिथे टिपून ठेवतो. जागा कमी पडली की जुनं पुसतो आणि तेच गणित पुन्हा करत बसतो. एकूण मेमरी आठ जीबी. त्यातली एक कॉम्प्युटरच्या स्वतःच्या कामासाठी सोडायची, नाहीतर तोच धापा टाकू लागतो. उरल्या सात. त्या कशा वाटायच्या हे गेल्या वर्षीच्या विजेत्यानं ठरवायचं, असा क्लबचा नियम.

आणि गेली आठ वर्षं विजेते मिस्त्रीच होते. लिफ्ट दुरुस्तीच्या नोकरीत, सुटे भाग येण्याची वाट बघत जिन्यात बसून त्यांनी आपला प्रोग्राम आधी वहीत लिहिला होता. दर वर्षी त्यांची वाटणी ठरलेली. "सहा समोरच्याला द्या, मला एक पुरे." एवढं बोलून ते खाली चहा प्यायला निघून जायचे. बँकेतले साहेब सहा घेऊन हरले. कॉलेजातले प्राध्यापक सहा घेऊन हरले आणि वर कॉम्प्युटरलाच नावं ठेवून गेले.

या वर्षी समोर त्यांची मुलगी होती. दिवसभर ती औषधांच्या दुकानात उभी असायची आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलाशी बसून प्रोग्राम लिहायची. अशी तीन वर्षं. वडील पलीकडे भाजी निवडत बसायचे. चांगलं म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. गेल्या रविवारी मात्र त्यांनी तिच्या प्रोग्रामचे चार डाव शेवटपर्यंत पाहिले. उठताना "हं" म्हणाले. त्या "हं"चा अर्थ ती आठवडाभर लावत होती. जगानं काय वाटेल ते म्हणावं, तिला या एका माणसाचं मत हवं होतं.

"सातच्या सात देऊन टाका की!" मागून कुणीतरी ओरडलं. "लेकीपुढे कसली कंजुषी?"

लोक हसले. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"साडेतीन तिला," ते म्हणाले. "साडेतीन मला."

सचिवांचं बोट हललंच नाही. "साडेतीन? नक्की?"

"निम्मी-निम्मी. टाका."

खोलीत कुजबुज सुरू झाली. मुलीच्या शेजारी बसलेल्या आत्याला राहवलं नाही. ती मिस्त्रींची धाकटी बहीण, भावाला भर सभेत झापायला कधी कचरली नव्हती.

"दादा, लाज नाही वाटत? परक्यांना सहा-सहा वाटत सुटला होतास आणि पोटच्या पोरीच्या वेळी हात आखडला?"

"तू गप बस गं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी बहिणीकडे वळूनही पाहिलं नाही. डाव सुरू झाला होता. ते खाली गेले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून पडद्याकडे बघत राहिले, आणि मुलीच्या प्रोग्रामनं पहिली चाल केली तेव्हा त्यांनी श्वास रोखून धरला.

मुलीचे डोळे भरून आले. आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडू नकोस बाळा. हरलीस तर मी साऱ्या गावाला सांगेन, सख्ख्या बापानंच दिलं नाही म्हणून."

मुलीनं ओढणीनं डोळे पुसले. ती ताठ बसली. सगळा चेहरा हसत होता.

"अगं आत्या," ती हळूच म्हणाली, "आठ वर्षांत बाबांना कुणाच्याही समोर एकच्या वर लागली होती का गं?"