रात्री वस्तीस

वाचता वाचता वकीलबाई अडखळल्या आणि पान उलटायला गेल्या.

"थांबा मॅडम," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "मधलं काहीतरी राहिलं."

"जुन्या खरेदीखतातली एक अट आहे. आता तिला काही अर्थ नाही."

"नसू दे. वाचा तरी."

या ऑफिसात लोक ठरलेलेच प्रश्न विचारतात. किल्ल्या कधी मिळणार, पंखे कोणाचे, स्टॅम्पचा खर्च कोण करणार. गाळलेली ओळ वाचा म्हणणारी ही पहिलीच. बाईंनी टेबलापलीकडे, घर विकणाऱ्या मालकांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मग बाईंनी वाचलं.

"सदरहू घर धोबी, हमाल वा हलकी कामे करणाऱ्या कोणाही इसमास विकू नये, भाड्याने देऊ नये, अथवा अशा इसमास रात्री वस्तीस ठेवू नये."

लॉन्ड्रीवालीने उभा जन्म इस्त्री फिरवून जमवलेल्या पैशांत हे घर घ्यायचं ठरवलं होतं. दुसरी घरं स्वस्त होती, पण तिला हेच हवं होतं. याच घराच्या मागच्या अंगणात तिच्या आईने गल्लीभराचं धुणं धुतलं होतं. ती आई आत्ता शेजारच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"तरीच," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मालक, तुमच्या आजी मला रोज म्हणायच्या, दिवे लागायच्या आत नीघ गं बाई. मुसळधार पाऊस असला तरी. मला वाटायचं, अंधारात मला त्रास नको म्हणून म्हणतात. घरी येऊन कौतुक सांगायची मी त्यांचं."

"आजी मनाने फार चांगली होती हो," मालक घाईघाईने म्हणाले.

"चांगल्याच होत्या. मी कुठं नाही म्हणते?"

वकीलबाई मध्ये पडल्या. "हे पाहा, गल्लीतल्या सगळ्या घरमालकांनी तेव्हा आपापल्या खतात ही अट घातली होती. आज ती कुठल्याच कोर्टात टिकत नाही. नव्या खतात घ्यायचीच नाही, विषय संपला."

"गाळूनच टाका," मालक म्हणाले. "आजोबांच्या वेळचं खूळ. आमच्या घराण्याला शोभत नाही."

"गाळायची नाही," लॉन्ड्रीवाली म्हणाली. "नव्या खतात घ्या. आहे तशी, अख्खी. खाली लिहा, अट रद्द. आणि त्याच्या खाली माझं नाव."

"तसं करता येतं," वकीलबाई सावकाश म्हणाल्या. "पण विचार करा. उद्या तुम्ही हे घर विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील हे वाचेल."

"वाचू दे की. मोठ्याने वाचू दे."

मालकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी असल्या खतावर सही करणार नाही. मेलेल्या माणसाच्या नावाला डाग लावायचा म्हणजे काय?"

"डाग काढायचं काम आम्ही रोज करतो, मालक. पण हा कागद आम्ही धुवायला घेतलेला नाही."

"ताई, घराला गिऱ्हाइकं काही कमी नाहीत."

बोलताना लॉन्ड्रीवाली मोठी शूर होती, पण घर हातचं जाणार म्हटल्यावर तिने वकीलबाईंकडे पाहिलं. आईने तिच्या दंडाला हात लावला. आता आई म्हणणार, जाऊ दे गं, कशाला ताणतेस. जन्मभर आई हेच म्हणत आली होती.

"ऊठ," आई म्हणाली. "नको आपल्याला घर."

ती स्वतःच आधी उभी राहिली. पिशवी काखेत मारली आणि मालकांकडे वळली.

"मालक, तुमची दुपटी मी धुतलीत. त्याचं मला काही नाही, ते काम होतं. पण मला संध्याकाळी का पिटाळायचे, ते इतक्या वर्षांनी आज मला कळलं. आणि कळलं तोवर तुम्ही ते खोडायला निघालात. उद्या नातवंडांना सांगितलं तर म्हणतील, म्हातारी काहीतरीच सांगते. कशावरून, असं विचारतील. मग काय दाखवू त्यांना, माझे हात?"

तिने हात पुढे केले नाहीत. मालकांनीच त्या हातांवरून नजर काढली.

त्यांनी ते जुनं पान जवळ घेतलं. तळाशी आजोबांची सही होती, चांगली ऐसपैस, वेलांट्या काढलेली. "लिहा," शेवटी ते म्हणाले. लाज वाटली की घर विकायची घाई होती, कोण जाणे. दोन्ही असेल.

आई पुन्हा बसली. लॉन्ड्रीवाली टेबलावरचं पाणी घटाघटा प्यायली. वकीलबाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढला.

"घेणाऱ्याचा व्यवसाय काय घालू? दुकान तुमचं स्वतःचं आहे. उद्योजिका लिहिते."

"वर अटीत आहे तोच शब्द घाला."

बाईंनी घातला. मग सगळं सलग वाचून दाखवलं. जुनी अट, ती रद्द झाल्याची ओळ, लॉन्ड्रीवालीचं नाव, व्यवसाय धोबी. "आणि शेवटी मी असं घातलंय, की या घरात घेणार व त्यांची आई कायम वस्ती करतील. ठीक आहे?"

"रात्री पण, असं लिहा," आई म्हणाली.

"आजी, कायम म्हटलं की त्यात रात्र आलीच."

"आली असेल. तरी लिहा."