चार अंगुळे वर

व्यायाम सुरू केला तेव्हा दाराची कडी फिटरच्या बोटांपासून चार अंगुळे वर होती. आता बोटे तेव्हापेक्षा चांगली वीतभर वर पोहोचत होती, आणि कडी बोटांपासून चार अंगुळेच वर होती.

प्रयोगशाळांची उपकरणे दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती. मोजमाप जुळत नसेल तर आधी स्वतःच्या मोजपट्टीवर संशय घ्यायचा, हे त्याच्या हाडीमाशी मुरले होते. त्याने घेतला. पण दाराशेजारच्या भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा त्याच्याच होत्या: बारीक, समांतर. बोटे भिंतीवर पावलांसारखी चालवत वर न्यायची, खांदा कळवळला की थांबायचे, तिथे रेघ मारायची. रेघा चढत होत्या. त्यांच्यात खोट नव्हती.

खोट कडीत होती.

दोन्ही खांदे आखडले, तेव्हा लेकीने त्याला आपल्या घरी आणले. घर चांगले होते. जेवण वेळेवर, अंथरूण स्वच्छ, आणि दाराला आतून कडी. लेक मागच्या खोलीत शिवणयंत्रावर बसायची. बाहेर जायचे तर तिचा हात धरून, तिच्या सवडीने. फिटरला कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे एकट्याने जायचे होते. खुर्चीत मान मागे टाकायची, दाढी करून घ्यायची, चालत परत यायचे. एवढेच. स्टूल कोणी धरल्याशिवाय गुडघ्यांमुळे त्याला त्यावर चढवत नव्हते, आणि धरणार कोण, तर लेकच. म्हणून सगळी भिस्त खांद्यावर.

व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या तेव्हा तो रेघ मारत होता.

"काय काका, गिर्यारोहण कुठवर आलं?"

"रेघच बघा."

"अरे वा! मी म्हटलं नव्हतं? रोज थोडं थोडं. एकदम शिखर गाठायला जाल तर खांदा रुसून बसेल." मग त्यांनी त्याच्या हनुवटीकडे पाहिले. "आज गाल अगदी गुळगुळीत! तुरटीचा वासही येतोय. कुठे जायचंय का?"

फिटरने गालावरून हात फिरवला. लेकीने सकाळी दाढी करून दिली असावी.

"जायचं तर आहेच," तो म्हणाला. "सोडतंय कोण?"

पाण्याचा पेला घेऊन आलेली लेक तो मेजावर ठेवून आत गेली. बाई हसता हसता थांबल्या.

त्या गेल्यावर फिटरने दाराचा रंग नखाने खरवडला. कडीच्या खाली रंगाआड जुनी छिद्रे होती, पुट्टीने बुजवलेली. त्यांच्या खाली आणखी, त्यांच्याही खाली आणखी, शिडीच्या पायऱ्यांसारखी. कडी आणि कोयंडा मिळून जितके स्क्रू होते, त्या सगळ्यांच्या खाचा अगदी उभ्या, एका रेषेत होत्या. जावयाचे हे काम नव्हे. तो साधी खुंटी ठोकायला गेला तरी अर्धी भिंत खाली येते.

तो मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"कडी कोण हलवतं?"

यंत्र थांबले. "कुठली कडी?"

"वेड पांघरू नकोस."

"बाबा, चहा टाकू?"

"कारागीर मात्र बरा शोधलास. खाचासुद्धा ओळंब्यात. असा माणूस हल्ली मिळत नाही."

"नाही मिळत," ती म्हणाली.

"मग विचार त्याला. म्हणावं, म्हाताऱ्याला कोंडायला तुझा हात चालतो कसा?"

लेकीने दोरा दाताने तोडला. "विचारेन," ती म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. सुईखाली कापड नव्हते.

आणि मग एका दुपारी मधले बोट कडीच्या टोकाला लागले.

खांद्यातून कळ गेली. त्याने दात आवळले आणि पुन्हा बोट टेकवले. कडी तेल दिल्यासारखी सरकली. मागे यंत्र चालूच होते. फिटर बाहेर पडला.

न्हाव्याचे दुकान त्याला लगेच सापडले. "या, बसा," न्हावी म्हणाला. वाढली नव्हती तरी त्याने दाढी केली, गालांवर तुरटी फिरवली, आणि पाठ वळवून फोनवर हळू आवाजात काहीतरी बोलला. फिटरने आरशात स्वतःकडे पाहिले. जिंकला होता.

बाहेर येऊन तो पायरीवर थांबला. रस्ता डावीकडे जात होता तसाच उजवीकडेही जात होता. दोन्हीकडे तीच दुकाने, तेच खांब. त्याने घराचे दार आठवून पाहिले. रेघा आठवल्या, कडी आठवली, पण ती आतून. दार बाहेरून कसे दिसते ते त्याला आठवेना. एक गाडी कर्कश भोंगा वाजवत अगदी अंगाजवळून गेली.

"बाबा." लेक धावत आली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच, पायात दोन जोडांतल्या दोन चपला. तिने त्याचा हात धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर त्याने बंद दारावरच्या बुजवलेल्या छिद्रांवरून एकेक करून बोट फिरवले.

"स्टूल आण," शेवटी तो म्हणाला. "आणि माझी हत्यारांची पेटी."

लेकीने दोन्ही आणली. स्टूल आणि पेटी आधीच हाताशी काढून ठेवल्यासारखी होती. तिने स्टूल घट्ट धरले आणि फिटर त्यावर चढला. त्याने कडी काढली, कोयंडा काढला, छिद्रांत पुट्टी भरून अंगठ्याने सपाट केली.

"या वेळी पार वर लावा ना, बाबा," ती हळूच म्हणाली. "चौकटीच्या टोकाला."

"नको. चार अंगुळे," तो म्हणाला. "तेवढं रोज थोडं थोडं करून जमतं. मी सकाळी विचारलं, तर सांगू नकोस."

"कधी सांगितलंय?"

फिटरने शेवटचा स्क्रू आवळला, एक डोळा मिटून पाहिले, आणि नेहमीप्रमाणे सगळ्या खाचा उभ्या एका रेषेत आणल्या.