कधीच न मरणारा माणूस

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण एम.ए.ला असताना स्थूल अर्थशास्त्राचा शेवटचा पेपर मी अर्धवट टाकून उठलो होतो. प्रश्न होता, "माणूस कधीच मरत नाही असे गृहीत धरा. तो आजचे सुख किती काळ उद्यावर ढकलेल, ते सिद्ध करा." मी उत्तरात एवढंच लिहिलं, "माझी आई दवाखान्यात आहे आणि ती मरणार आहे." पेन खाली ठेवलं. आमचे सर म्हणजे वाघ, पण ते वाचून ढसाढसा रडले आणि मला स्कूटरवर मागे बसवून सुसाट निघाले. वाटेतले सगळे सिग्नल आपोआप हिरवे होत गेले. एका चौकात तर साक्षात अर्थमंत्र्यांचा ताफा थांबला. मंत्री काच खाली करून म्हणाले, "आधी तुम्ही जा!"

भाची पोट धरून हसत होती. उद्या तिचाही हाच पेपर.

"मामा, काहीही हं! मग आजी काय म्हणाली?"

"काय म्हणणार? माझा हात घट्ट धरला आणि विचारलं, पेपर कसा गेला रे?"

भाचीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, इतका वेळ कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"दादा, ते तिने मला विचारलं होतं," ती म्हणाली. "दादाचा पेपर कसा जात असेल गं, असं. तू सगळा पेपर लिहून आलास, तोवर तिच्या तोंडावर चादर ओढली होती."